लाइव्ह व्ह्यूवर पाहून पक्ष्यावर हाताने फोकस: कोकण किनाऱ्यासाठी क्रमवार पद्धत

कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो चोख दिसतो. संगणकावर उघडला की पक्ष्याचा डोळा मऊ आणि त्याच्या मागची वाळू मात्र कणाकणाने स्पष्ट. लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे मागच्या पडद्यावर थेट दिसणाऱ्या चित्रावर, हाताने फोकस करणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे. दोष लेन्सला दिला जातो, पण बहुतेक वेळा क्रम चुकलेला असतो: पडदा उघड्या उन्हात, फोकस न वाढवलेल्या चित्रावर, आणि चित्र वाढवलंच तर डोळ्याऐवजी पंखावर.

कोकणात यात आणखी एक अडचण असते. आपला समुद्र पश्चिमेला. सकाळी पाण्याकडे तोंड करून बसलं की सूर्य पाठीशी येतो आणि पक्ष्यावर सरळ उजेड पडतो. फोटोसाठी याहून चांगली वेळ नाही. पण तोच सूर्य कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावरही सरळ पडतो. पक्षी सर्वांत छान दिसतो तेव्हाच पडदा सर्वांत कमी दिसतो. पडद्याची सावली आधी साधली नाही, तर पुढचं काहीच साधत नाही.

## हाताने फोकस कधी करायचा, कधी नाही

लेन्सच फक्त हाताने फोकस होणारी असेल तर प्रश्नच नाही: अॅडॅप्टरने जोडलेली जुनी टेलिफोटो, किंवा ५०० मिमी एफ/८ रिफ्लेक्स (आत आरसे असलेली) लेन्स. ऑटोफोकसची लेन्स असली तरी काही ठिकाणी हात बरा पडतो. कांदळवनात खंड्या बसलेला असतो, मध्ये दोन काड्या आडव्या येतात आणि ऑटोफोकस हमखास काडीला चिकटतो. वाळूच्याच रंगाचा चिखल्या ओल्या पुळणीवर उभा असला की साधा ऑटोफोकस मागेपुढे भटकतो.

झेप घेणाऱ्या सुरयाचा (टर्नचा) पाठलाग मात्र या पद्धतीने करू नका. पडद्यावरचं चित्र किंचित उशिरा येतं, आणि बऱ्याच डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांत) प्रत्येक फोटोनंतर पडदा क्षणभर काळा होतो. बसलेला, चरणारा, ठरावीक जागी येऊन बसणारा पक्षी हेच या पद्धतीचं क्षेत्र.

डीएसएलआरच्या वरच्या व्ह्यूफाइंडरमधून हाताने फोकस का जमत नाही, हेही समजून घ्या. आजच्या कॅमेऱ्यांची फोकसिंग काच उजळ दिसण्यासाठी बनवलेली असते. मोठ्या एपर्चरला, म्हणजे लेन्सचं छिद्र जास्त उघडं असताना, स्पष्ट भागाची खोली किती कमी आहे ते ती दाखवत नाही, त्यामुळे चित्र खरं असतं त्यापेक्षा जास्त स्पष्ट वाटतं. लाइव्ह व्ह्यूत थेट सेन्सरवरचं चित्र दिसतं, म्हणून तिथला फोकस तोच फोटोतला फोकस.

## टप्पा १: घरी करायची मांडणी

किनाऱ्यावर मेनू उघडून बसायला वेळ नसतो. हे आदल्या रात्री करा.

१. लेन्सवरचा किंवा कॅमेऱ्यावरचा फोकसचा खटका ‘एम’वर. जुनी लेन्स मिररलेसवर (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर) लावली असेल तर ‘लेन्स नसताना शटर’ ही सेटिंग चालू करा, नाहीतर बटण दाबूनही फोटो निघणार नाही.

२. चित्र वाढवण्याचं काम अंगठ्याखालच्या एका बटणावर द्या. मेनूतून वाढवायचं असेल तर पक्षी थांबणार नाही.

३. कॅमेऱ्यात फोकस पीकिंग (स्पष्ट कडा रंगाने दाखवणारी सोय) असेल तर रंग लाल आणि पातळी कमी ठेवा. पातळी जास्त ठेवली की पुळणीवर प्रत्येक वाळूकण लाल होतो.

४. फोटो रॉमध्ये (प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) घ्या आणि चित्रशैली कृष्णधवल ठेवा. पडद्यावर करड्या चित्रात लाल कडा लगेच उठून दिसतात, आणि रॉ फाइलमध्ये रंग शाबूत राहतात. फक्त जेपेग घेत असाल तर हे करू नका, फोटो कायमचे कृष्णधवल होतील.

५. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) असेल आणि लेन्स जुनी असेल, तर लेन्सची फोकल लांबी हाताने भरा. ५०० मिमीच्या लेन्सला ५० भरलेलं राहिलं तर स्थिरता मिळत नाही.

६. पडद्याचा उजेड ‘आपोआप’वरून काढून सर्वांत जास्त करा. कॅमेरा आपोआप बंद होण्याची वेळ वाढवा. लाइव्ह व्ह्यू बॅटरी भराभर खातो, दोन जादा बॅटऱ्या भरून ठेवा.

आता सर्वांत दुर्लक्षित काम. लेन्सच्या फोकस रिंगवर कागदी चिकटपट्टी लावा. अंगणात किंवा गच्चीवर टेपने मोजून ८, १२ आणि २० मीटरवर वर्तमानपत्र उभं करा, प्रत्येक अंतरावर दहापट वाढवून फोकस करा आणि पट्टीवर पेनाने खूण करा. किनाऱ्यावर पक्षी अंदाजे १२ मीटरवर आहे असं वाटलं की रिंग आधी त्या खुणेवर नेता येते. रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत बसायचा वेळ वाचतो, आणि धूसर पडद्यावर पक्षी हरवत नाही.

तपासा: बऱ्याच टेलिफोटो लेन्सची रिंग अनंताच्या खुणेपुढेही थोडी फिरते. उष्णतेने लेन्स प्रसरण पावते, म्हणून ही जागा मुद्दाम ठेवलेली असते. रिंग टोकाला टेकवून ‘लांबचा फोकस झाला’ असं धरू नका.

## टप्पा २: भरती पाहून वेळ ठरवा

हाताने फोकस करताना पक्षी तुमच्याकडे यायला हवा, तुम्ही त्याच्यामागे नाही. किनाऱ्यावर हे काम भरती करते. पाणी चढतं तशी चरायची जागा आखडते आणि चिखले, तुतारी वगैरे किनारी पक्षी पाण्याच्या कडेने वर सरकतात.

कोकणात ठोकताळा सगळ्यांना माहीत आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ. दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ. हिवाळ्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. म्हणून एकादशी ते त्रयोदशीच्या सकाळी, शुक्ल पक्ष असो की कृष्ण, उजेड आणि चढतं पाणी एकत्र मिळतात. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पहाटे ओहोटी असते, पक्षी दूर गेलेले असतात आणि ५०० मिमीलाही ठिपके दिसतात. ठोकताळ्यावर थांबू नका, त्या गावचा भरतीचा तक्ता पाहा. दक्षिणेला वेंगुर्ल्याकडे भरती मुंबईपेक्षा आधी येते.

दुसरा मुद्दा वाऱ्याचा. पाखरं वाऱ्याकडे तोंड करून बसतात आणि वाऱ्यावर तोंड ठेवूनच उतरतात. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे कुरव (गल) आणि सुरय तुमच्याकडे तोंड करून बसलेले मिळतात. दिवस वर आला, खारा वारा सुरू झाला, की पाठी दिसू लागतात. लेन्सही हलू लागते. ही वेळ ओळखून थांबावं.

स्थलांतरित किनारी पक्षी ऑक्टोबर ते मार्च या काळात भरपूर असतात. अलिबागजवळचं आक्षी त्यासाठी प्रसिद्ध आहे, पण आंजर्ले, गुहागर, आचऱ्याची खाडी, कुठेही हीच पद्धत लागू होते.

सावधान: खाडीच्या मोकळ्या चिखलात उतरू नका. पाय रुततो, आणि चढतं पाणी परतीची वाट आधी बुजवतं. पुळणीवर आदल्या भरतीने सोडलेल्या काडीकचऱ्याच्या रेषेच्या बरंच वर बसा.

## टप्पा ३: बैठक आणि पडद्याची सावली

सुरूच्या बनाचा इथे मोठा उपयोग. सकाळी बनाची सावली पुळणीवर लांबवर पडलेली असते. सावलीच्या पाण्याकडच्या कडेपासून दोन-तीन पावलं आत बसा. तुम्ही आणि पडदा सावलीत, पक्षी उन्हात. सूर्य चढेल तशी सावली मागे सरकते, तेव्हा तिच्याबरोबर मागे सरका. हालचाल हळू आणि बसूनच.

सुरू नसेल तर पडद्याला लूप लावा, म्हणजे डोळ्याला टेकवायची भिंगाची नळी. तेही नसेल तर दीड मीटर लांबीचं जाड काळं कापड डोक्यावरून कॅमेऱ्यावर घ्या. हाताच्या ओंजळीने सावली करून काम भागत नाही, कारण एक हात रिंगवर आणि एक शटरवर हवा.

मिररलेस असेल तर व्ह्यूफाइंडरमध्येच लाइव्ह चित्र दिसतं आणि सावलीचा प्रश्न निम्मा सुटतो. मात्र आधी डायऑप्टरची चकती फिरवून व्ह्यूफाइंडरमधली अक्षरं स्वच्छ दिसतील अशी करा. ती चुकली तर तुमचा डोळा फोकस ठरवतो आहे की चकती, हेच कळत नाही.

सावधान: सूर्य पाठीशी असताना कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून उठू नका. व्ह्यूफाइंडरच्या किंवा लूपच्या भिंगातून ऊन आत एकवटतं आणि आतला पडदा जळू शकतो. उठायचं असेल तर त्यावर कापड टाका. संध्याकाळी उलट धोका: लाइव्ह व्ह्यू चालू ठेवून लांब लेन्स सूर्याकडे वळवली तर सेन्सर बिघडू शकतो.

ट्रायपॉडचा सर्वांत खालचा भाग आधी काही बोटं बाहेर काढा, मग वरचे भाग उघडा. त्यामुळे खालचं कुलूप वाळूत जात नाही. तिन्ही पाय दाबून वाळूत घट्ट बसवा, नाहीतर प्रत्येक लाटेगणिक एक पाय थोडा खचतो आणि दहापट चित्रात पक्षी सरकत राहतो. लेन्सची उंची पक्ष्याच्या डोळ्याइतकी ठेवता आली तर उत्तम, म्हणजे जवळजवळ जमिनीलगत.

तपासा: फोकसची रिंग हळूच हलवा आणि सोडा. चित्र दोन सेकंदांत स्थिर झालं नाही तर हेड नीट आवळलेलं नाही, किंवा लेन्सचं वजन कॉलरवर (लेन्स ट्रायपॉडला जोडणाऱ्या कड्यावर) तोललेलं नाही.

## टप्पा ४: फोकसचा क्रम

सर्वाधिक चुका याच टप्प्यात होतात, म्हणून थोडं सविस्तर.

१. आधी पक्षी सापडवा, तोही न वाढवलेल्या चित्रात. लेन्सच्या वरून, हॉट शू (फ्लॅश बसवायची खाच) आणि हूडची कड एका रेषेत धरून पक्ष्यावर नेम धरा, मग पडद्याकडे पाहा. पडद्यातच शोधत राहिलात तर पुळण सगळीकडे सारखीच दिसते.

२. रिंग चिकटपट्टीवरच्या जवळच्या खुणेवर न्या. पक्षी ओळखू येण्याइतका स्पष्ट होतो.

३. वाढवायची चौकट पक्ष्याच्या डोक्यावर सरकवा. ही पायरी वगळली जाते. चौकट मधोमध असते, पक्ष्याचं डोकं मधोमध क्वचितच असतं, आणि मग माणूस पंखावर फोकस करून मोकळा होतो.

४. पाचपट वाढवा. रिंग फिरवून डोळा स्पष्ट होईपर्यंत न्या आणि थांबू नका, त्याच्या पुढे जाऊन पुन्हा धूसर होऊ द्या. मग परत या. तीक्ष्ण जागा दोन्ही बाजूंच्या धूसरपणाच्या मध्ये असते, आणि एका बाजूने थांबणारा बहुधा अलीकडेच थांबतो. दुसरी फेरी पहिल्यापेक्षा लहान, तिसरी त्याहून लहान.

५. पक्षी स्थिर असेल तरच दहापट वाढवून खात्री करा. डोळ्यातली चकाकी बारीक ठिपका झाली, कानाजवळची पिसं वेगळी दिसू लागली, की झालं. चरणाऱ्या पक्ष्यावर दहापट वापरलीत तर एका पावलात तो चौकटीबाहेर जातो.

६. मूळ चित्रावर परत या. क्षितिज, पाय, चोच चौकटीत आहेत ना ते पाहा. वाढवलेल्या चित्रावरच शटर दाबणाऱ्यांचे फोटो तीक्ष्ण येतात, पण पाय कापलेले.

७. लगेच तीन-चार फोटोंची सर घ्या. पक्षी श्वास घेतो, मान हलवतो, तुमचा हातही हलतो. एकावर विसंबू नका.

चुकीला जागा किती कमी आहे ते आकड्यांत पाहा. एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सर, ४०० मिमी, एफ/५.६: पक्षी १० मीटरवर असेल तर स्पष्ट भागाची एकूण खोली साधारण १३ सेंटीमीटर, २० मीटरवर अर्ध्या मीटरहून थोडी जास्त, आणि ५ मीटरवर जेमतेम ३ सेंटीमीटर. म्हणजे पक्षी जवळ आल्याचा आनंद होतो तेव्हाच चुकण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. समोरून येणाऱ्या लांब चोचीच्या कोरलचा डोळा स्पष्ट असेल तर चोचीचं टोक स्पष्ट नसणार. चोच सोडा, डोळा धरा.

एपर्चरचं काय? हाताच्या एपर्चर रिंगची जुनी लेन्स असेल तर पूर्ण उघडून फोकस करा आणि मग एफ/८ला बंद करा. बंद करूनच फोकस केलात तर खोली जास्त दिसते, नेमकी तीक्ष्ण जागा कळत नाही, आणि पडदाही मंद होतो. एपर्चर फिरवताना फोकस रिंगला बोट लागणार नाही याची काळजी घ्या. ही चूक सापडायला फार वेळ लागतो. रिफ्लेक्स लेन्सला बंद करायचं एपर्चर नसतंच. तिच्यात पाण्यावरची चमक गोल कड्यांसारखी उमटते, म्हणून मागे चमकतं पाणी येणार नाही अशी बैठक घ्या.

पीकिंगवर किती भरवसा ठेवायचा? अंदाजापुरता. पीकिंग कडांचा उठाव मोजतं, पक्षी ओळखत नाही. ओल्या वाळूची चमक त्याला पक्ष्याच्या डोळ्याइतकीच प्रिय. शिवाय ते लहान केलेल्या चित्रावरून हिशेब करतं, त्यामुळे खऱ्या तीक्ष्ण जागेपेक्षा जास्त भाग लाल दाखवतं. पीकिंगने जवळ जा, शेवटचा निर्णय वाढवलेल्या चित्रावर.

## टप्पा ५: हलणाऱ्या पक्ष्यासाठी जागा आधी धरा

पाण्याच्या कडेने धावत येणारा चिखल्या थोडा धावतो, थांबतो, टोचतो, पुन्हा धावतो. त्याच्या मागे रिंग फिरवू नका. त्याच्या वाटेवर दोन-तीन मीटर पुढे एखादी शिंपली किंवा ओल्या वाळूची रेघ निवडा, तिच्यावर दहापट वाढवून फोकस करा, चित्र परत लहान करा आणि वाट पाहा. पक्षी त्या रेघेवर आला की शटर दाबा. तो रेघेच्या अलीकडे थांबला तर मोह टाळा.

खाडीतल्या होड्या बांधायच्या खुंटांवर खंड्या वारंवार त्याच खुंटावर परत येतो. खुंटाच्या टोकावर फोकस करून ठेवा. पक्षी टोकाच्या मधोमध बसतो असं धरून खुंटाच्या पुढच्या कडेवर नाही, तर वरच्या सपाटीच्या मध्यावर फोकस हवा.

सिंधुदुर्गात रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं) ओढली जाते तेव्हा बगळे, कुरव, घारी एकाच पट्ट्यात जमतात, आणि दोर कुठे येणार हे आधीच दिसत असतं. फोकस लावायला याहून सोपी संधी नाही. आधी रापणकरांना विचारा आणि दोर ओलांडू नका.

शटर: बसलेल्या पक्ष्याला ट्रायपॉडवर १/५००, चरणाऱ्याला १/१०००, उतरणाऱ्याला १/२०००. एपर्चर एफ/८, आयएसओ आपोआप. पांढरा बगळा उन्हात असेल तर त्याच्या पाठीवरची पिसं फोटोत जळतात, म्हणजे तपशील जाऊन नुसती पांढरी उमटतात, म्हणून जळालेल्या भागाची लुकलुक दाखवणारी सेटिंग चालू ठेवा आणि ती थांबेपर्यंत एक्सपोजर कमी करा.

## टप्पा ६: जागेवरच तपासणी

पहिल्या सरीनंतर एक फोटो पूर्ण आकारात उघडा आणि डोळ्याच्या आधी पायांजवळची वाळू पाहा. वाळू फोकसची पट्टी स्पष्ट दाखवते.

पट्टी पक्ष्याच्या मागे पडली असेल तर फोकस लांब गेला आहे. पुढे असेल तर जवळ राहिला आहे. एकदा चूक कोणत्या दिशेला होते आहे ते कळलं की पुढच्या वेळी रिंग कुठे थांबवायची ते कळतं.

पट्टी कुठेच नसेल, सगळंच सारखं मऊ असेल, तर फोकसचा दोष नाही. शटर मंद होता किंवा ट्रायपॉड हलला.

आणि एका दिशेला दुहेरी कड, दहापट चित्रात पक्षी पाण्याखाली असल्यासारखा थरथरतो आहे? ती तापलेल्या हवेची झळ. रिंग कितीही फिरवा, फोकस मिळणार नाही. ऊन चढलं आणि वाळू तापली की २० मीटरच्या पुढे हे सुरू होतं. अंतर कमी करा किंवा त्या दिवसापुरतं थांबा. लेन्स बदलून, सेटिंग बदलून उपयोग नाही, आणि यात अनेकांची निम्मी सकाळ वाया जाते.

सावधान: ‘जरा जवळ’ म्हणून थव्यावर चालून जाऊ नका. भरतीच्या वेळी विसावलेला थवा वारंवार उडवला की त्याची ताकद खर्च होते, आणि पुढच्या लांबच्या प्रवासासाठी हीच चरबी लागते. समुद्र गरुडाच्या घरट्याखाली ट्रायपॉड लावू नका. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा घरट्यांनाही लागू आहे.

## टप्पा ७: परतल्यावर

किनाऱ्यावर लेन्स बदलू नका. परतल्यावर लेन्सच्या काचेवर आधी हवेचा फुगा मारा, मग किंचित ओलसर कापडाने टिपा. कोरड्या कापडाने पुसलं की मिठाचे कण काच ओरखडतात. कॅमेऱ्याची बॉडी पिळलेल्या ओल्या फडक्याने, नंतर कोरड्याने. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवा, उघडेच वाळवा.

वातानुकूलित गाडीतून किंवा खोलीतून कॅमेरा थेट दमट हवेत काढला की काचेवर आणि कधी आतही बाष्प धरतं. बॅग बंद ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या, मग उघडा. ठेवताना हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि त्यांचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापरा. जुन्या लेन्सला पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून हवा द्या. बंद कपाटात चामड्याच्या खोळीत ठेवलेल्या लेन्सला कोकणात बुरशी सर्वांत आधी धरते.